डावा आरसा

अकोल्याला मेहुण्यांकडे निघायच्या आदल्या दिवशी, अमरावतीच्या आमच्या गल्लीत गाडीच्या डाव्या आरशाची काच फुटली. मी तसबिरीवाल्याकडून त्याच मापाची काच कापून आणली, चिकटवली, आणि सौभाग्यवतींपुढे तासभर मिरवलो. मराठीच्या मास्तराला एवढेही येऊ नये?

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहासाठी डावीकडे वळलो. आरशात रस्ता मोकळा होता. "अहो, थांबा!" सौ. किंचाळल्या. हातभर अंतरावरून मोटारसायकल गेली. पुढे टाकीवर लहान पोर बसलेले.

या महामार्गावर जून 2022 मध्ये एका मार्गिकेचा 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत घालून गिनेसचा विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत, वाहने सुसाट. आणि माझी काच सपाट! मूळची काच किंचित फुगीर, बहिर्गोल असते. ती वस्तू लहान आणि लांब भासवते खरी, पण बाजूचा पुष्कळ अधिक भाग दाखवते.

अकोल्यात मेहुण्यांनी माझ्या गाडीचीच काच मिळवली. हातमोजे घालून, कोमट पाण्याच्या फडक्याने शेकून आम्ही माझी कलाकृती पाठीच्या तबकडीसकट प्लास्टिकच्या पट्टीने उचकटली. नव्या तबकडीच्या खुंट्या खाचांत बसवून, फडके ठेवून मधोमध तळव्याने दाबले. कट्‌ असा आवाज आला.

परतताना आरसा पाहूनही मी मान वळवीत होतो. सौ. काही बोलल्या नाहीत. त्याही मागेच पाहत होत्या.