मोहरीसारखा दिसणारा विषारी दाणा

सोलापूर जिल्ह्यात रब्बीची ज्वारी उभी असते त्या दिवसांत बांधावर, पडीक तुकड्यांत आणि रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे दिसतात. हाच पिवळा धोतरा. नाव धोतऱ्याचे असले तरी ही वनस्पती अफूच्या कुळातील असून मूळची मेक्सिकोकडील आहे. मोहरीशीही तिचे नाते नाही. मात्र तिचे बी मोहरीत बेमालूम मिसळते.

ही भेसळ जिवावर बेतू शकते. या बियांचे तेल पोटात गेल्यास पायांवर सूज येते, धाप लागते, हृदय दुर्बल होते. काहींची दृष्टीही अधू होते. या रोगाची साथ कलकत्त्यात 1877 मध्ये नोंदली गेली. दिल्लीत 1998 साली भेसळीच्या मोहरी तेलाने साठाच्या आसपास माणसे दगावली. आपल्याकडे स्वयंपाकात शेंगदाणा व करडईचे तेल अधिक, हे खरे. परंतु फोडणीची मोहरी घरोघरी लागते.

शेतात ओळख पटविणे अवघड नाही. मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या व सहा पुंकेसर असतात आणि शेंग बारीक, लांबट असते. पिवळ्या धोतऱ्याचे फूल बरेच मोठे, पुंकेसर असंख्य आणि फळ म्हणजे काटेरी बोंड. पाने निळसर हिरवी, शिरांवर पांढरट पट्टे. करडईही काटेरी व पिवळ्या फुलांची असल्याने नवख्याची फसगत होते. अशा वेळी देठ मोडून पाहावा. पिवळा चीक आला तर तो पिवळा धोतराच.

बोंड वाळले की टोकाशी उकलते व बी सांडते. म्हणून झाड फुलावर येण्यापूर्वीच उपटलेले बरे. नंतर उपटून बांधावर टाकणे म्हणजे पुढील वर्षाची पेरणीच!

विकत आणलेली मोहरी पांढऱ्या कागदावर पसरावी. मोहरीचा दाणा गुळगुळीत व चिरडल्यास आत पिवळा असतो. धोतऱ्याचे बी खडबडीत, जाळीदार व आत पांढरे असते. हा प्रयोग शिक्षकांना वर्गातही सहज दाखविता येईल. बी एकदा घाण्यात गेले, की नुसत्या डोळ्यांनी भेसळ ओळखता येत नाही. मग तेलाचा नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो.