कारंज्याचा काटा आणि लाचेविषयीचे गैरसमज

सोयाबीनच्या हंगामात कारंजा लाडच्या बाजारात सकाळी उभे राहून पाहा. ट्रॉली रिकामी होते, ढेरी लागते, हर्रास सुरू होतो. व्यापारी मूठभर दाणे उचलतो, तळहातावर चोळतो, फुंकर मारतो आणि भाव बोलतो. शेतकरी कडेला उभा असतो. चार महिन्यांच्या कष्टाचे मोल पुढच्या पाच मिनिटांत ठरणार असते, म्हणून त्याची नजर त्या तळहातावरून हटत नाही.

कारंजा म्हटले की लोकांना गुरुमंदिर आठवते, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आठवते. पण भारतातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार याच गावचा, हे कारंज्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसते. वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटकडे होता. त्याच्या हुकमाने 1886 साली इथला कापूस बाजार नियमाखाली आला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. शेतकऱ्याचा कळवळा त्यामागे नव्हता; मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात हवा होता. तरीही एक गोष्ट घडली. सौदा कुठे व्हावा आणि माप कोणी करावे हे लिहून ठेवले गेले. भ्रष्टाचाराबद्दल आपण चौकात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत जे बोलतो, ते तपासायला यापेक्षा चांगली जागा मला दिसत नाही.

गैरसमज : नियम आले की भ्रष्टाचार येतो, नियम काढले की सगळे सुरळीत होईल.

नियम नव्हते तेव्हाचा बाजार कसा चाले ते पाहा. दोघे जण रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत; ज्याचा माल, त्यालाच आकडा कळत नसे. मग कटती, नमुना, धर्मादाय अशा नावांनी वजनातून आणि पैशांतून वजावट होई. तिला कोणी भ्रष्टाचार म्हणत नसे, कारण मोडायला नियमच नव्हता. लूट मात्र होतीच. नियमाने त्या लुटीला नाव दिले, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार करता येऊ लागली.

खरा प्रश्न नियम कोणाच्या हातात आहे, हा आहे. वऱ्हाडच्या त्या जुन्या बाजार समित्यांत कापूस पिकवणाऱ्याला जागाच नव्हती. स्वातंत्र्यानंतर 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी सर्वांत जास्त ठेवले. पुढे या समित्या राजकारणाच्या पायऱ्या झाल्या, हे खरे आहे आणि त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली आहे. पण बाजार फी खरेदीदाराने भरायची असते आणि मालाचा चुकारा त्याच दिवशी करायचा असतो, हे नियम शेतकऱ्याच्याच बाजूचे आहेत. चुकारा आठवडाभर लांबला तर दोष नियम न पाळणाऱ्याचा आहे.

गैरसमज : लाच म्हणजे वंगण, दिली की गाडी चालते.

हा समज सर्वांत खोल रुतलेला आहे. एकेकाळी मोठे विद्वानही असेच म्हणत. 1960 च्या दशकात काही अमेरिकी अभ्यासकांनी मांडले होते, की ताठर नोकरशाहीत लाचेमुळे निदान कामे तरी होतात. त्याच काळात आपल्याकडे भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीने ‘लवकर कामासाठीच्या पैशा’ची सवय नोंदवली आणि तिच्या शिफारशीवरून 1964 मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी 1968 मध्ये उलट बाजू दाखवली : पैसे मिळतात हे कळले की फाइल मुद्दाम अडवली जाते. उशीर आधी तयार केला जातो आणि मग तो विकला जातो. पुढे कॉफमन आणि वेई या अभ्यासकांनी अनेक देशांतल्या कंपन्यांची माहिती तपासली. जास्त लाच देणाऱ्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांचा वेळ सरकारी अधिकाऱ्यांपाशी कमी नव्हे, जास्त जात होता.

दिल्लीतला एक अभ्यास तर डोळ्यांपुढे ठेवावा असा आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाहन चालवण्याचा परवाना काढू पाहणाऱ्या 822 जणांचा माग घेतला होता. लवकर परवाना मिळवण्यासाठी बक्षीस ठेवलेल्या गटातील लोकांना तो लवकर मिळालाही. नंतर स्वतंत्र चाचणी घेतली, तेव्हा हातात परवाना असलेल्या अनेकांना गाडीच चालवता येत नव्हती. दलालाला पैसे दिले की परीक्षाच टळत होती. तीच गाडी उद्या आपल्या पोरांच्या शाळेसमोरून जाणार असते.

गैरसमज : खातो, पण काम तर करतो!

हे वाक्य मी विदर्भात इतक्यांदा ऐकले आहे की आता ते ऐकताना दुखते. राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचनाखालचे क्षेत्र अवघे 0.1 टक्का वाढल्याची नोंद आली आणि सिंचनावरचा खर्च 70,000 कोटींच्या घरात सांगितला जाऊ लागला. सरकारने 2012 च्या नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका काढून तो टक्का चुकीचा ठरवला. वाद आकड्यांचा राहिला. कोरडवाहू शेतकरी मात्र ढगांकडेच पाहत राहिला. खाल्लेले कोटी कागदावर दिसत नाहीत. न आलेले पाणी शेतात दिसते.

2018 मध्ये कारंज्याचा वाशीम जिल्हा देशाच्या ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि कारंज्याजवळून त्यावर चढता येऊ लागले. रस्ता चांगला आहे, हवाच होता. पण माल नागपूरला लवकर पोहोचला आणि वजनात दोन किलो मारले गेले, तर ती प्रगती कोणाच्या खिशात गेली?

गैरसमज : लाच मागितल्याची तक्रार केली तर आपणच अडकतो, आणि कामही जाते.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही गुन्हा आहे, म्हणून ही भीती वाढली. पण त्याच कायद्यात सोय आहे. बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर देणारा गुन्हेगार ठरत नाही. देण्याआधीच कळवून सापळ्यात मदत करणाऱ्यालाही संरक्षण आहे.

सापळा म्हणजे काय, ते माहीत असले की धीर येतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आधी मागणीची पडताळणी करतो. मग पंचांसमोर नोटांचे क्रमांक लिहून त्यांना पावडर लावतात. ती नोट हाताळलेला हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होते. जप्त झालेले पैसे तक्रारदाराला शासन परत देते. त्याचे कायदेशीर काम मार्गी लावायलाही विभाग मदत करतो. नंतर साक्षीदार फिरला तर? 15 डिसेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी मागणी परिस्थितीजन्य पुराव्यावरून सिद्ध करता येते. विभागाचा टोल-फ्री क्रमांक 1064 आहे.

गैरसमज : लोकशाहीमुळेच हे सगळे, एखादा कडक माणूस हवा.

ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या 2024 च्या निर्देशांकात पहिला आलेला डेन्मार्क आणि दुसरा फिनलंड लोकशाही देश आहेत. अगदी तळाला दक्षिण सुदान आणि सोमालिया होते. भारताला 100 पैकी 38 गुण होते. हा निर्देशांक तज्ज्ञांच्या आणि व्यावसायिकांच्या मतांवर बेतलेला असतो, चोरीच्या रुपयांचा हिशेब नव्हे. पण कडक हात म्हणजे स्वच्छ हात, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आपल्या हातात जे आहे ते वापरायला लागू या. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, कारण सांगावे लागत नाही आणि उत्तर साधारण 30 दिवसांत द्यावे लागते. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित दाखल्यांना मुदत ठरवली आहे. सबळ कारणाशिवाय ती टाळणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अर्ज दिला की तारीख असलेली पोच घ्या. आणि यंदा सोयाबीन घेऊन कारंज्याला गेलात, तर काटापट्टी हातात पडल्याशिवाय बाजाराच्या फाटकाबाहेर पडू नका.