बेगमपेटचे मांडव आणि बिरसीची धावपट्टी

नोव्हेंबर १९४४ मध्ये बावन्न देशांचे प्रतिनिधी शिकागोत जमले होते. महायुद्ध संपल्यावर प्रवासी विमानं कुणाच्या आकाशातून आणि कुठल्या नियमांनी उडतील, यावर तिथे पाच आठवडे खल चालला. भारताचं शिष्टमंडळही त्यात होतं. ७ डिसेंबरला करार झाला. आज जगभर विमानं ज्या नियमांनी ये-जा करतात त्यांचा पाया तोच, आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक दिन म्हणून पाळली जाते ती तारीखही तीच. त्या काळात गोंदियाजवळच्या बिरसी गावात इंग्रजांनी युद्धाच्या निकडीपोटी बांधलेली धावपट्टी नवीच होती. पुढे युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी मात्र राहिली.

तुमसर-बपेरा राज्यमार्ग जिथे संपतो तिथे महाराष्ट्रही संपतो. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. सिहोरा परिसरातल्या या टोकाच्या गावात विमानतळाचा विषय कुणी काढला, तर पहिला प्रश्न असतो, "नागपूरचा की बिरसीचा?" नागपूरला जायचं तर तुमसर, भंडारा करत अर्धा दिवस मोडतो. बिरसी त्यामानाने जवळ, फक्त मध्ये वैनगंगा. त्यामुळे जगातल्या विमान परिषदांत काय ठरलं हे आमच्या भागातून पाहायचं, तर मापाला बिरसीची धावपट्टीच घ्यावी लागते. ऐंशी वर्षांचा हा मागोवा त्याच मापाने घेतला आहे.

सुरुवातीची वर्षं नागपूरची होती. ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथून रोज रात्री टपालाचं एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासी विमान बदलत आणि पहाटेपर्यंत चौघंही आपापल्या गावी परतत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला जाई. तेव्हाचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांची ही कल्पना. सुरुवातीला खासगी कंपन्यांनी आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सने ही सेवा चालवली. तिची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९५३ मध्ये नागपुरातून उडालेलं रात्रीच्या टपालाचं डकोटा कोसळलं आणि तेरा जण गेले. तरी सेवा दोन दशकांहून अधिक काळ टिकली. तिला नेमकं काम होतं, ठरलेली वेळ होती आणि ती वेळ रोज पाळली जात होती. लहान विमानतळांच्या पुढच्या साऱ्या कहाणीत हेच तीन धागे कुठे जुळले आणि कुठे तुटले ते पाहावं लागतं.

बिरसीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. पट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. १९९८ मध्ये ती औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. हे झालं, कारण गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ केंद्रात नागरी विमान वाहतूक खातं सांभाळत होते. जुनी पट्टी वाढून सुमारे २,३०० मीटरची झाली, टर्मिनल उभं राहिलं. बिरसीची घरं आणि शेतं त्यासाठी गेली आणि गावकऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला. विमानतळाच्या खर्चाच्या हिशेबात हा रकाना सहसा दिसत नाही.

याच मंत्र्यांच्या काळात, ऑक्टोबर २००८ मध्ये, हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर 'इंडिया एव्हिएशन' हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आणि परिषद भरली. शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाल्याने बेगमपेटची प्रवासी वाहतूक त्याच वर्षी मार्चमध्ये बंद झाली होती, त्यामुळे जागा मोकळीच होती. मांडवांत एअरबस, बोइंग, इंजिनवाले, रडारवाले. बाहेर तेलाचे भाव आणि जगाची मंदी. त्याच आठवड्यात जेट एअरवेजने शेकडो कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठवलं आणि ओरड होताच परत बोलावलं. चार वर्षांनी किंगफिशरची विमानं जमिनीवर बसली, एप्रिल २०१९ मध्ये जेटचीही. परिषदेतल्या भाषणांत वाढीचे आकडे चुकीचे नव्हते. प्रवासी खरोखरच वाढले. टिकल्या नाहीत त्या कंपन्या.

बिरसीत मात्र त्याच काळात एक काम सुरू झालं आणि ते टिकलं. विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून तिथे वैमानिक घडवणारी संस्था काढली. पुढे रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीही इथे मुलं पाठवू लागली. उत्तरेत हिवाळाभर धुकं असतं आणि इकडचं आकाश मोकळं. आमच्या भागात रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायका कमर सरळ करायला उभ्या राहतात, तेव्हा डोक्यावरून एखादं चिमुकलं डायमंड विमान घरघरत जातं. पट्टीवर उतरायचं, चाकं टेकताच पुन्हा वेग घ्यायचा, उडायचं, वळसा घालायचा आणि परत उतरायचं. शिकाऊ वैमानिक हेच पुन्हा पुन्हा घोटतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान दोनशे तास उड्डाण लागतं. मुंबई-दिल्लीच्या विमानात माइकवरून तापमान सांगणारा आवाज कधी काळी आमच्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालून गेलेला असू शकतो, हे तिथल्या प्रवाशांच्या गावीही नसतं.

या शिकण्याचीही किंमत मोजावी लागली. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून निघालेलं प्रशिक्षण विमान गोंदिया-बालाघाट सीमेवर वैनगंगेच्या पात्रात कोसळलं. नदीवरून ओढलेल्या तारेला ते धडकलं होतं. प्रशिक्षक आणि शिकाऊ तरुणी, दोघंही गेले. मार्च २०२३ मध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या लांजी भागाच्या जंगलात आणखी एक विमान पडलं आणि पुन्हा एक प्रशिक्षक, एक शिकाऊ तरुणी. या अपघातांनंतर गावोगाव लोकांनी मदतीला धाव घेतली, वर्तमानपत्रांत दोन दिवस बातम्या आल्या. पण कमी उंचीवर उडणाऱ्या विमानांच्या वाटेत कुठल्या तारा आहेत आणि कुठले डोंगर, हे नकाशावर चोख असायला हवं, ही चर्चा परिषदांच्या मोठ्या दालनांत क्वचितच पोचते.

वैनगंगेतल्या त्या अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, 'उडान' योजनेची पहिली विमानं उडाली. पंतप्रधानांनी सिमला-दिल्ली विमानाला झेंडा दाखवला आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. योजनेचं गणित साधं आहे. लहान गावाच्या मार्गासाठी कंपन्या बोली लावतात. साधारण निम्म्या जागा ठरवून दिलेल्या कमाल भाड्यात विकायच्या. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासासाठी ही मर्यादा २,५०० रुपये होती. त्यातून येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देतं, त्यातला पाचवा हिस्सा राज्याचा. बाकीचा पैसा मोठ्या शहरांमधल्या विमानांवरच्या आकारणीतून येतो. म्हणजे मुंबई-दिल्ली करणारा प्रवासी नकळत नांदेडच्या तिकिटाला हातभार लावतो. हेतू चांगला आहे. अडचण चौथ्या वर्षी सुरू होते, आणि बऱ्याचदा तिथपर्यंत गाडी पोचतच नाही. कंपनी लहान, विमानं मोजकी, एक बिघडलं की दोन मार्ग बंद. नांदेडहून उडणारी ट्रूजेट कंपनीच बंद पडली आणि २०२४ पर्यंत नांदेडकर पुन्हा विमानाची वाट पाहत राहिले.

गोंदियाची पाळी १३ मार्च २०२२ ला आली. फ्लायबिग कंपनीचं इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान बिरसीवर उतरलं. युद्धाच्या काळात बांधलेल्या पट्टीवर पहिल्यांदाच तिकीट काढलेले प्रवासी उतरत होते. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी, हार, भाषणं, सगळं झालं. अकराच दिवसांनी, २४ मार्चला, त्याच हैदराबादेत बेगमपेटवर 'विंग्ज इंडिया' परिषद सुरू झाली आणि लहान शहरं आकाशाशी जोडल्याचा गौरव तिथे झाला. काही महिन्यांत गोंदियाचं विमान बंद पडलं. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ टर्मिनलच्या काचा पुसल्या जात होत्या, पण प्रवासी नव्हते. १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोचं एटीआर हैदराबादहून आलं. अठ्ठ्याहत्तर जागांचं, पंख्यांचं, मागच्या दाराने चढायचं विमान. तिरुपतीचीही जोड मिळाली. सात आठवड्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, बेगमपेटवर पुन्हा मांडव पडले.

हैदराबाद हा मार्ग नकाशावर बोट ठेवून निवडलेला नव्हता. मोठ्या इस्पितळांत उपचाराला जाणारी माणसं, शिकायला आणि नोकरीला गेलेली मुलं, तांदूळ गिरण्यांचे व्यापारी, तिरुपतीचे भाविक, ही सगळी गर्दी गोंदिया-भंडाऱ्यात आधीपासून आहे. पण तिच्यापुढे रेल्वेचा पर्याय उभा असतो. गोंदिया हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन. दिवसभर गाड्या. नागपूर दोन-अडीच तासांवर, आणि नागपूरहून विमानांची रांग. अशा ठिकाणी विमान टिकायचं तर ते रोज, ठरल्या वेळी आणि वर्षभर यायला हवं. आज आहे, उद्या नाही, परवाचं माहीत नाही, अशी सेवा असली की माणूस रेल्वेचं आरक्षण काढून मोकळा होतो. मग जागा रिकाम्या राहतात, आणि रिकाम्या जागांचं कारण दाखवून सेवा बंद होते.

मोठ्या पातळीवर मात्र २०२४ आणि २०२५ ही दोन वर्षं भारताचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये आशिया-प्रशांत देशांच्या विमान वाहतूकमंत्र्यांची परिषद झाली आणि 'दिल्ली जाहीरनामा' मंजूर झाला. जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. एप्रिलच्या मध्यावर विमानतळचालकांची जागतिक संघटना, एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल, हिची आशिया-प्रशांत आणि मध्यपूर्व विभागाची परिषद दिल्लीत झाली. त्याच आठवड्यात, १६ एप्रिलला, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं पहिलं विमान उतरलं आणि विदर्भाच्या यादीत आणखी एक नाव आलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात जगातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेची, आयाटाची, वार्षिक सभा बेचाळीस वर्षांनी भारतात भरली. जे. आर. डी. टाटांनी कधी काळी जिचं अध्यक्षपद भूषवलं ती ही संघटना. इंडिगोने तिथे आणखी तीस मोठ्या एअरबस विमानांसाठी सामंजस्य करार केला. देशात २०१४ मध्ये चौऱ्याहत्तर असलेले चालू विमानतळ दीडशेच्या वर गेले, हा आकडा प्रत्येक व्यासपीठावरून सांगितला गेला.

आयाटाच्या सभेनंतर दहा दिवसांत अहमदाबाद घडलं. १२ जूनला लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ड्रीमलायनर उड्डाणानंतर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांना पुरेशी विश्रांती द्यावी, हा नियम लागू होणार हे कंपन्यांना आधीपासून ठाऊक होतं. तरी त्या हिशेबाने वैमानिक उभे केले गेले नाहीत. लोक विमानतळांच्या फरशीवर झोपले. २५ डिसेंबरला नवी मुंबईहून विमानं सुरू झाली तेव्हा वर्ष संपत आलं होतं.

या सगळ्यात बिरसीचं नाव कुठेच नव्हतं, पण संबंध थेट आहे. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली, इंडिगोने ५००. विमान कारखान्यात तयार होतं. वैमानिक तसा होत नाही. तो बिरसीसारख्या पट्टीवर, दोनशे तासांच्या घिरट्यांतून तयार होतो. अमरावतीलाही एअर इंडिया वर्षाला १८० वैमानिकांची शाळा काढते आहे. विदर्भ आता देशाची वैमानिकशाळा होऊ पाहतो आहे. पण त्या शाळेत तुमसर किंवा सिहोऱ्याचं मूल बसत नाही, कारण शिक्षणाचा खर्च लाखांच्या घरात आणि धानाच्या शेतीवर तेवढं कर्ज मिळत नाही. डोक्यावरून विमानं जातात ती दुसऱ्यांच्या मुलांची.

ऐंशी वर्षांचा हा हिशेब जुळवला तर निष्कर्ष स्पष्ट आहे. नागपूरच्या रात्रीच्या टपालाला काम होतं, वेळ होती, सातत्य होतं, ते टिकलं. बिरसीतल्या वैमानिक शिक्षणालाही तिन्ही आहेत, तेही टिकलं. प्रवासी विमानाला आपण उद्घाटन दिलं, अनुदान दिलं, वेळ आणि सातत्य दिलं नाही; म्हणून ते अडखळत राहिलं. पुढच्या परिषदेत किती विमानतळ उघडले हे सांगितलं जाईलच. उघडलेल्यांपैकी किती ठिकाणी तीन वर्षांनंतरही रोज विमान उतरतं, हा आकडा आपल्या आमदार-खासदारांनी तिथे मागावा. सोबत दोन मागण्या आपणही लावून धराव्यात. विमानाच्या वेळेला जुळणारी एसटी तुमसर-तिरोडामार्गे बिरसीपर्यंत सुटावी. आणि धावपट्टीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, शिवाय ज्यांच्या शेतांवरून ही विमानं रोज फिरतात, त्या गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतल्या मुलांसाठी बिरसीच्या वैमानिकशाळेत दर वर्षी शिष्यवृत्तीच्या काही जागा राखून ठेवाव्यात.