मंद आचेवरचे मटण आणि हिरवी चटणी



रमजानच्या दिवसांत हैदराबादेत हलीमच्या भट्ट्या तासन् तास पेटलेल्या असतात. गहू, डाळी आणि मांस एकजीव होईतो घोटतात व वाढताना वर कोथिंबीर, पुदिना नि लिंबू देतात. २०१० साली या हलीमला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या भट्टीमागचे तत्त्व आपल्या घरच्या पातेल्यालाही लागू पडते.

बकऱ्याच्या वा मेंढ्याच्या खांद्याचे आणि पायाचे मांस चिवट असते, ते त्यातील कोलॅजन नावाच्या तंतूंमुळे. असे मांस खळखळा उकळल्यास स्नायू आखडतात, आतले पाणी सुटते व फोडी कोरड्या होतात. उलट, जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, मंद आचेवर दोन-तीन तास शिजविल्यास कोलॅजनचे जिलेटिन होते. मांस मऊ पडते आणि रस्सा दाट होतो.

आता पोषणाविषयी. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व मिळते. मांसातील लोह तर पालेभाजीतील लोहापेक्षा शरीर अधिक सहजतेने शोषून घेते. मात्र ‘सारा जोर रश्श्यात’ हा समज खरा नव्हे. जिलेटिन हे अपुरे प्रथिन आहे, आणि लोह बहुतांशी फोडींतच राहते.

कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, आले व लिंबू यांची चटणी आयत्या वेळी वाटावी. ती शिजवू नये. उष्णतेने तिच्यातील सी जीवनसत्त्व नष्ट होते, आणि भाकरी-डाळीतील लोह अंगी लागण्यास तेच साहाय्य करते. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नये. तो लोहाच्या शोषणास अडथळा आणतो.

अतिरेकही नको. मांसात संपृक्त चरबी असते. रस्सा निवल्यावर वर आलेला थर काढून टाकावा. शिजविलेले तांबडे मांस आठवड्यास साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे.

शेवटी एक गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या शंभरांपैकी सत्तावन्न स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आणि आपल्या घरांत शेवटी जेवणारीच्या ताटात बहुधा नुसता रस्साच उरतो! भगिनींनो, ज्या घरी मांसाहार चालतो, तेथे वाढण्यापूर्वीच आपल्या वाट्याच्या चार फोडी बाजूस काढून ठेवाव्या. त्यात संकोच कसला?