दोन उंचवट्यांची पन्नास वर्षं

शिवथरच्या खोऱ्यात दगडी कोळसा नाही. इथला कातळ लाव्ह्याचा. आमच्याकडे कोळसा म्हणजे लोणारी कोळसा. लाकडं रचायची, पाला-मातीनं लिंपायची, बेताच्या हवेवर धुमसू द्यायची. रायगड जिल्ह्यातल्या कित्येक कातकरी कुटुंबांनी ही मजुरी केली. भट्टीची भोकं कधी बुजवायची ते धूर सांगतो: पांढरा दाट धूर निळसर, विरळ झाला की लाकूड पिकलं.

आत नेमकं काय पिकतं, हे प्रकाशाला विचारायची वाट 1928 साली भौतिकशास्त्रज्ञ रामन यांनी कलकत्त्यात उघडली. विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलून येतो आणि त्या बदलात रेणूंची कंपनं वाचता येतात. त्यांना नोबेल मिळालं 1930 साली. त्याच वर्षी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी आमच्या खोऱ्यातली शिवथरघळ शोधून काढली. हा योग मला फार आवडतो. कोळसा मात्र मुकाच राहिला. काळा पदार्थ प्रकाश गिळतो. रामन-प्रयोगांतल्या तेव्हाच्या पाऱ्याच्या दिव्याचं तिथं काही चालेना.

लेसर आला 1960 साली. 1970 मध्ये ट्युनस्ट्रा आणि कोनिग यांनी त्याच्या झोतात ग्राफाइट पाहिलं. रंग बदललेल्या प्रकाशाच्या आलेखात अखंड स्फटिकाला 1575 प्रति सेंटीमीटरच्या आसपास एकच उंचवटा. बारीक, मोडक्या कणांत 1355पाशी दुसराही. दुसरा जितका उंच, तितके स्फटिक लहान. दगडी कोळशातही हेच दोन उंचवटे दिसतात, म्हणून तोच नियम तिथंही लावला जाऊ लागला. इथंच खरी चूक होती. 2000 साली फेरारी आणि रॉबर्टसन यांनी दाखवलं की कार्बनच्या चकत्या दोनेक नॅनोमीटरहून लहान झाल्या की नियम उलटतो: चकती वाढते तसा तो दुसरा उंचवटाही वाढतो. कोळशातल्या चकत्या बहुतेक एवढ्याच. पुढे कोणी त्या दोन उंचवट्यांखाली दहा-दहा रेषा बसवल्या. त्यातल्या प्रत्येकीला अर्थ आहे, असं मला वाटत नाही. शिवाय झोत जरा जोराचा झाला की कण तापून बदलतो, आणि आपण आपलीच आच मोजत बसतो.

लाकडी कोळशाला हा उलटा नियम उपयोगी पडला. 2016 साली फ्रेंच संशोधकांनी या उंचवट्यांवरून जुन्या चुलींतला कोळसा किती तापला होता, ते काढायची रीत बसवली. कमी आचेच्या कोळशात डांबरी अंशाची चकाकी फार, तिथं ही रीत अडते.

निळ्या धुरावर बुजवलेल्या आणि घाईनं पांढऱ्यावरच बुजवलेल्या भट्टीतला एकेक तुकडा लेसरच्या झोताखाली जावा, अशी माझी फार इच्छा आहे. नमुन्याच्या पाकिटावर भट्टी लावणाऱ्याचं नाव असावं.