पर्समधलं बूच

आम्हा नागपूरकरांचं पाण्याशी नातं तसं बेताचंच. नळाला किती वेळ आलं आणि कूलरच्या टाकीत किती उरलं, एवढ्यापुरतं. समुद्र तर झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही दिशेला दूरच. त्यामुळे माझ्या लेकीनं जेव्हा जाहीर केलं, "आई, सुट्टीत मी मामाकडे जाऊन शिडाची बोट शिकणार," तेव्हा शेजारच्या काकू जे बोलल्या तेच माझ्याही मनात होतं. "काऊन वो बाई, पोरीले समुद्रात कायले पाठवता? तलाव कमी पडले का?"

मला तर तलावही नकोच होता. मी नऊ वर्षांची असताना माझा मावसभाऊ कन्हान नदीत बुडाला. चांगलं पोहता येत होतं त्याला. त्या दिवसापासून पाण्याजवळ जायचं नाही, हा आमच्या घरातला नियम झाला. का, ते कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. लग्न झाल्यावर तोच नियम मी सासरी घेऊन आले, माहेरच्या लोणच्याच्या बरणीसारखा. लेक कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत गेली, अंबाझरीवर वल्ही मारायला लागली, तेव्हा मी कागदावर सही केली ती तिच्या बाबांच्या आग्रहाखातर. सरावाच्या दिवशी ती घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

तर २०२४ च्या डिसेंबरात लेकीबरोबर मीही गोव्याला गेले. खरं सांगते मैत्रिणींनो, सोबत म्हणून नव्हे, पहारा म्हणून!

माझा धाकटा भाऊ नौदलातली पंधरा वर्षांची नोकरी संपवून गोव्यातच स्थायिक झालाय. त्यानं दोन मित्रांबरोबर एक जुनी बोट विकत घेतली आहे. मला वाटलं होतं, कोळ्यांची असते तशी होडी असेल. पाहते तर वाळूवर शेवग्याच्या शेंगांसारखी दोन लांब, निमुळती, पोकळ अंगं शेजारी शेजारी ठेवलेली. त्यांना जोडणारी अॅल्युमिनियमची चौकट आणि चौकटीत बाजेच्या सुतळीसारखं दोरीनं ताणून बांधलेलं जाड कापड. बसायचं त्या कापडावर. खोली नाही, छप्पर नाही, इंजिन नाही. "ही कॅटमरान," भाऊ म्हणाला. मी म्हटलं, "आणि बाकीची बोट कुठाय?"

पुढचे आठ दिवस मी त्या बोटीबद्दल इतकं ऐकलं की आता तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कॅटमरान हा शब्द मुळात आपल्या देशातलाच. तमिळमध्ये कट्टू म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड किंवा झाड. ओंडके एकत्र बांधून तिथले कोळी जो तराफा करतात, तो कट्टुमरम. दोन अंगांच्या नावा खऱ्या पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या, पण इंग्रजांनी आपल्याकडचा शब्द उचलून त्यांना लावला. आपल्या कोकणातही होडी कलंडू नये म्हणून बाजूला लाकडाचा तरंगता ओंडका बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. कल्पना तीच, एका अंगावर तोल जात असेल तर दुसरा आधार जोडून घ्यायचा.

भावाची बोट होबी १६ या जातीची. कॅलिफोर्नियात होबी आल्टर नावाचा लाटांवर घसरायच्या फळ्या बनवणारा कारागीर होता. वाळूवरून दोघांना ढकलत नेता येईल आणि परत वाळूवरच आणता येईल अशी बोट त्याला हवी होती. १९६८ मध्ये त्यानं चौदा फुटी केली आणि लगेच पुढे ही सोळा फुटी. आज जगभर अशा लाखाच्या वर बोटी झाल्या आहेत. लांबी साधारण साडेसोळा फूट, रुंदी आठ फुटांच्या आसपास, वजन दीडशे किलोच्या आतबाहेर. आपल्या दोन मोपेडींपेक्षाही हलकी! म्हणूनच वारा लागला की ती पळते आणि म्हणूनच चुकलं की उलटते.

तिची डोलकाठी सव्वीस फुटांच्या वर उंच. ती रोज उभी करायची. दोन बाजूंना दोन तारा आधी अडकवायच्या, काठीचा पाया खाचेत बसवून खिळ घालायची, मग एकानं काठी खांद्यावरून उचलत पुढे चालायचं आणि दुसऱ्यानं समोरची तार ओढून नाळेकडे अडकवायची. ते करण्याआधी भाऊ लेकीला काय विचारायचा माहितीये? "वर काय आहे?" म्हणजे विजेच्या तारा आहेत का, ते आधी बघ. अॅल्युमिनियमची काठी तारेला लागून परदेशात माणसं गेली आहेत. त्यानंतर अमेरिकेत या बोटींच्या काठीचा वरचा भाग वीज वाहून न नेणाऱ्या फायबरचा करू लागले. गच्चीवर पतंग उडवणाऱ्या मुलांना आपण ओरडतो, तेच हे.

काठी उभी राहते ती फक्त तीन तारांवर. प्रत्येक तार एका खिळीनं अडकवलेली आणि ती खिळ निसटू नये म्हणून तिला किल्लीच्या जुडग्यात असते तशी बारीकशी कडी. त्या कडीवर लेक चिकटपट्टी गुंडाळायची, कारण दोर अडकून कडी निघाली की खिळ निघते, खिळ निघाली की काठी खाली बसलेल्यांच्या डोक्यावर! एवढा सगळा डोलारा, आणि जीव टांगलेला कुठे, तर चिमूटभर कडीला.

तारांची तपासणी मात्र मी केली. तार जिथे टोपणात दाबून बसवलेली असते तिथेच ती आधी तुटते. एखादाच धागा तुटतो, डोळ्यांना दिसतही नाही. भाऊ म्हणाला, "ताई, वातीचा कापूस आहे का गं?" वहिनीच्या देवघरातून कापूस आणला आणि तारेवरून हलकेच फिरवला. जिथे तुटका धागा असेल तिथे कापूस अडकतो. आमचा नाही अडकला. तरीही भाऊ म्हणाला, "दोन वर्षं झाली, या बदलणार." चांगल्या असताना? मग मला आपली गॅसची रबरी नळी आठवली. ती तरी आपण फुटेपर्यंत कुठे वापरतो? पाच वर्षं झाली की बदलतोच. (बदलता ना? आजच तारीख बघा!)

हळूहळू माझ्या लक्षात आलं, ही सगळी कामं तर आपल्याच ओळखीची! अंगाला बारीक चीर गेली आहे का, हे साबणाच्या पाण्यानं बघतात. आत हलकीशी हवा फुंकायची आणि बाहेरून फेस लावायचा, बुडबुडे आले की चीर तिथेच. रेग्युलेटर गळतो का ते आपण असंच बघतो. फायबरचे थर आतून सुटले आहेत का, हे नाण्यानं ठोकून ओळखतात. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर बिघाड. माठ घेताना आपण काय करतो? अॅल्युमिनियममध्ये स्टीलचे स्क्रू असतात, त्यात खारं पाणी शिरलं की पांढरी भुकटी धरते आणि धातू खातो. म्हणून रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं सगळं धुवायचं, कप्प्या, तारा, सुकाणूचे सांधे, सगळं. शीड पॉलिएस्टरचं असलं तरी उन्हात फडफडत ठेवायचं नाही, धुऊन, वाळवून, गुंडाळून पिशवीत घालायचं. मे महिन्यात दिवसभर दोरीवर राहिलेल्या साडीचं आपल्याकडे काय होतं ते आठवा.

आणि शेवटचं, बूच. दोन्ही अंगांच्या मागच्या टोकाला एकेक भोक असतं. आत झिरपलेलं पाणी काढण्यासाठी संध्याकाळी ती बुचं काढायची, नाळ उचलायची आणि किती पाणी आलं ते बघायचं. कपभर आलं तर चालतं, रोज वाढत गेलं तर गळती शोधायची. सकाळी पाण्यात जाण्याआधी बुचं लावायची. बस, एवढंच.

पाचव्या दिवशी सकाळी बोट धुताना भावानं ती दोन बुचं माझ्या हातात दिली, वाळूत हरवू नयेत म्हणून. मी पर्समध्ये टाकली. दुपारी वारा धरला, तशी लेकीची घाई सुरू झाली. लाइफ जॅकेट घालता घालताच तिनं विचारलं, "आई, बुचं दिलीस ना?" मी म्हटलं, "दिली की!" आणि दोघं निघाली.

मी माडाखाली बसले. शहाळंवाला आला, त्याला सुटे द्यायला पर्सचा छोटा कप्पा उघडला आणि हाताला काहीतरी गोल लागलं. एक बूच! एकच दिलं होतं मी.

तो क्षण मी विसरणार नाही. बोट पार लांब गेली होती, शीड नखाएवढं दिसत होतं. मी ओरडले, ओढणी हलवली, गुडघाभर पाण्यात शिरले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात गेले ती अशी. डोळ्यांपुढे कन्हान नदीचा काठ. काठावर भावाचा मित्र होता, त्याला पाहायला ठेवूनच हे लोक जातात. त्यानं शिट्टी मारली, दोन्ही हात वर करून खुणा केल्या. पण तोवर बोट वळलीही होती. डावं अंग जड लागतंय, मागून खाली बसतंय, हे भावाच्या लक्षात आलं होतं. पंधरा-वीस मिनिटांत दोघं वाळूवर. नाळ उचलली तेव्हा त्या अंगातून बादल्यांच्या हिशेबात पाणी आलं. आत फोमचे ठोकळे असतात, त्यामुळे अशी बोट दगडासारखी तळाला जात नाही. पण भरलेल्या अंगावर ती कलंडली असती आणि जड झालेली बोट दोघांना सरळ करता आली नसती.

मी रडत होते. लेकीनं माझ्या हातातलं बूच घेतलं आणि म्हणाली, "आई, चूक तुझी नाही. सुकाणू माझ्या हातात होतं. मी तुला विचारलं, पण हात लावून बघितलं नाही." भाऊ तिला रागावला नाही, मलाही नाही. फक्त म्हणाला, "आता कळलं ना? विचारून चालत नाही. जो बोट नेतो त्यानं स्वतः हातानं बघायचं."

रात्री जेवताना त्यानं तारिणीची गोष्ट सांगितली. २०१७ च्या सप्टेंबरात नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच गोव्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २०१८ च्या मेमध्ये परतल्या. त्यांची तारिणी ही शिडाची बोट बांधली गेली गोव्यातच, दिवाडी बेटावर. शेवटच्या टप्प्यात तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तर त्या घाईनं घराकडे निघाल्या नाहीत. मॉरिशसला पोर्ट लुईस बंदरात थांबल्या, दुरुस्ती केली आणि मग पुढे. पुढे त्याच तारिणीतून दिलना आणि रूपा या दोघीच ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाल्या आणि मे २०२५ मध्ये जग फिरून आल्या. आम्ही बोलत होतो त्या रात्री त्या दोघी समुद्रातच होत्या. आपण त्यांच्या धाडसाचं कौतुक करतो, ते करायलाच हवं. पण त्या रोज किती खिळी, किती दोर तपासत असतील, हे मला त्या दिवशी समजलं.

नागपूरला आल्यावर मी मावशीला फोन केला. अडतीस वर्षांत न विचारलेलं विचारलं, "त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?" मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एकटा गेला होता गं. काठावर कोणीच नव्हतं."

आम्ही पोरींना पाण्यापासून दूर ठेवलं. काठावर कोणीतरी असावं, एकटं जाऊ नये, अंगात जॅकेट असावं, हे मात्र आम्हाला कोणी शिकवलं नाही, कारण त्यासाठी त्या दिवसाबद्दल बोलावं लागलं असतं. आमच्या महिला मंडळात परवा मी हे सगळं सांगितलं. पोरांना तलावावर जाऊ नका म्हणणं सोपं, पण ती जातातच, आणि न सांगता जातात. त्यापेक्षा पोहणं आणि पाण्यातली शिस्त शिकवू या, असं ठरलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरुवात करतोय.

आणि हो, गोव्यातल्या शेवटच्या दिवशी मीही त्या ताणलेल्या कापडावर बसले, जॅकेट घालून, दोरी घट्ट धरून. पण त्याआधी वाळूत गुडघे टेकून दोन्ही बुचं माझ्या हातानं फिरवून पाहिली.

आता लेक सुट्टी लागली की मामाकडे पळते. निघण्याआधी तिचा फोन येतो. मी एवढंच विचारते, "बुचं?"

"दोन्ही लावली आई. हात लावून बघितलं."