क्रीडामानसशास्त्राची शंभर वर्षे: खेळाडूकडून प्रशिक्षकाकडे

कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. तेव्हापासून बराच काळ या शास्त्राची नजर एकट्या खेळाडूवर खिळलेली होती. किती ताण असला की कामगिरी उंचावते, याचा विचार तर १९०८ मधल्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांपर्यंत मागे जातो. पुढे ध्येय ठरवणं, मनातल्या मनात सराव करणं, श्वासावर लक्ष ठेवणं ही तंत्रं आली, रुळली, आणि ती उपयोगी आहेत. तरीही या शंभर वर्षांतलं सर्वांत मोलाचं काम मला वेगळं वाटतं. खेळाडूला आधार द्यायचा तर आधी प्रशिक्षकाचं वागणं बदलावं लागतं, हे कुणीतरी मोजून दाखवलं. ग्रिफिथ यांना याची झळ लवकर लागली होती. शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या मालकांनी त्यांना १९३८ साली बोलावलं. संघ चालवणाऱ्या चार्ली ग्रिम यांनी मात्र त्यांना जवळ केलं नाही आणि ते काम फारसं पुढे गेलं नाही.

चाळीसेक वर्षांनी रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी सिएटलमध्ये मुलांच्या बेसबॉल सामन्यांना निरीक्षक बसवले. मूल चुकलं की प्रशिक्षक काय करतो: धीर देतो, चूक सुधारायला शिकवतो, ओरडतो की काणाडोळा करतो? अशा बारा प्रकारांत प्रत्येक कृतीची नोंद झाली. नंतर प्रशिक्षकांना विचारलं, तेव्हा आपण कसे वागतो याचा बहुतेकांना नीट अंदाजच नव्हता. मुलांनी केलेलं वर्णन नोंदींशी अधिक जुळत होतं. याच आधारावर त्यांनी प्रशिक्षकांसाठी छोटं प्रशिक्षण तयार केलं. प्रयत्नाचं कौतुक करा, चुकल्यावर आधी धीर द्या, मग नेमकं काय करायचं ते सांगा, असा त्याचा गाभा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात परतली नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडे हे प्रमाण ५ टक्के होतं. संघांच्या हारजितीत मात्र लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे मुलं टिकली ती विजयाच्या ओढीने नव्हे.

यावर दोन आक्षेप येतात. नेमबाजीसारख्या खेळात माणूस एकटाच उभा असतो, तिथे स्वतःच्या मनावरचा ताबाच कामाला येतो, हा पहिला. तो खोटा नाही. पोलीस सेवेत राहिलेले नाशिकचे भीष्मराज बाम यांनी योगाच्या आधारे अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजांना एकाग्रता शिकवली, ती उगाच नव्हे. पण तंत्राला मर्यादा असतात. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हवेत असताना शरीराचं भान सुटू लागलं, तेव्हा जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला गरज होती थांबण्याची मोकळीक मिळण्याची. तिने सांघिक अंतिम फेरी पहिल्याच उडीनंतर सोडली, काही दिवसांनी बीमवर कांस्य मिळवलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदकं जिंकली. तो दिवस तिने रेटून नेला असता तर मानही मोडू शकली असती.

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या तालमींतून हमखास ऐकू येतो: वस्तादाच्या कडकपणातूनच मल्ल घडले. पण आपण मोजतो ते टिकलेले. अपमान सोसून मुकाट्याने तालीम सोडलेल्या पोरांची नोंद कोण ठेवतं? सिएटलच्या अभ्यासाचं मोल मला इथेच वाटतं, कारण त्याने गेलेल्यांना मोजलं. शिवाय शिस्त ढिली करा असं त्यात कुठेच नाही. चूक दाखवायचीच आहे, पण मूल ती ऐकू शकेल अशा तऱ्हेने. ऑलिम्पिक तोंडावर आलं की मानसतज्ज्ञ आठवतो, तोवर खेळ सोडून गेलेली मुलं त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. सिएटलच्या प्रशिक्षणाला जेमतेम अडीच तास लागले होते. जिल्हा क्रीडा संकुलातल्या प्रत्येक प्रशिक्षकाला हंगामाच्या सुरुवातीला तेवढा वेळ देता येईल.